वहीतला 'बं'

आमची आक्का समुद्राच्या तळातला गाळ अभ्यासायची. तिनंच मला सांगितलं होतं की गाळ कुणी आणून टाकत नाही, तो आपोआप बसतो. कण कण खाली येतो, आणि बघावं तर हातभर थर! किस्स्यांचंही तसंच असतं. आक्का आठ दिवसांच्या तापानं गेली, त्याला आता तीन महिने होतील. तेव्हापासून आमच्या घरी जो येतो तो चहा घेतो, डोळे पुसतो आणि जाता जाता तिचा एक किस्सा सांगतो. बराच थर साठलाय.

पण मी हे आठवत बसलो ते वेगळ्या कारणानं. ती गोव्याकडच्या एका लॅबमध्ये होती. तिथून तिच्या मैत्रिणीचा, नसीमताईचा फोन आला.

"बंडा, वैशालीची मोजणीची वही इथं आहे. पण तिनं सगळं स्वतःच्या खुणांत लिहिलंय. च, क, ता, असलं काहीतरी. ह्या खुणा लागल्या नाहीत तर तिचं तीन वर्षांचं काम बाजूला पडेल. दुसरं कुणीतरी पहिल्यापासून मोजेल आणि ते त्याच्या नावानं छापलं जाईल. तुला काय आठवतंय ते सगळं सांग. कशात तरी अर्थ सापडेल."

सगळं सांग म्हणाली! मी नववीत शाळा सोडलेला, जेसीबी चालवणारा माणूस. मला एकदा सुरू केलं की थांबता येत नाही.

*

आक्काला लॅबमध्ये जागा मिळाली तेव्हा आईनं अख्ख्या उंब्रजला सांगितलं, "माझी पोरगी समुद्रातला गाळ काढती!"

मी त्याच महिन्यात तळ्यातला गाळ काढून शेतांवर टाकायच्या कामावर लागलो होतो. शेजारचे तात्या ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांना लय आनंद झाला.

"म्हंजी भाऊ-बहीण एकाच धंद्यात की! वैशे, दिसाला किती ट्रॉल्या निघत्यात?"

"ट्रॉल्या न्हाईत तात्या. चमचाभर. कवा कवा अर्धाच चमचा."

तात्यांचा अंगठा तळहातावरच थांबला. "आन् त्याला जहाज लागतंय?"

"लागतंय की."

तात्या माझ्याकडं वळले. "बंड्या, तू शिकला न्हाईस त्येच बरं झालं गड्या! तू दिसाला चाळीस ट्रॉल्या तरी काढतोस."

*

आक्काचं काम मला एकदाच नीट कळलं. ते तिनं उसाच्या कांडीवर समजावलं म्हणून.

जहाजावरून एक लांब पाइप समुद्राच्या तळात घुसवतात आणि वर ओढतात. आत गाळाची कांडी येते. कांडीचं वरचं टोक आत्ताचं, खाली जाल तसं जुनं, अगदी हजारो वर्षांपूर्वीचं. त्या गाळात रव्याच्या कणांएवढे शिंपले असतात. जिवंत होते तेव्हा ते पाण्यात तरंगायचे, मेले की तळाला जाऊन बसायचे. गारव्यात एक जात वाढते, उबेत दुसरी वाढते. कुठल्या थरात कुठले किती, हे मोजलं की त्या काळी वारा कसा होता, पाऊस कसा पडला, ते कळतं.

मी दुसऱ्याच दिवशी तळ्यात जेसीबीनं उभा काप घेतला आणि बघतो तर काय, पट्टे! काळा, तांबडा, परत काळा. मी मशीन बंद केलं, खाली उडी मारली आणि तिला व्हिडिओ कॉल लावला.

"आक्का, आमच्या तळ्यात पण थर हायत! हजार वर्षांचं असंल बघ हे!"

"सगळ्यात खालच्या पट्ट्यात काय हाय बघ."

मी बोटानं उकरलं. काहीतरी चमकलं. ओढून काढलं, पुसलं, कॅमेऱ्यासमोर धरलं. गुटख्याची पुडी!

आक्का तिकडं हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होती. "बंड्या, शोध लागला रं! तुझं तळं गुटख्यापेक्षा लहान हाय!"

*

सुट्टीत घरी आली की आक्का आईला स्वतःच्या कामाची नक्कल करून दाखवायची. एकदा तिनं मोरीत बसून चिमूटभर गाळ बारीक जाळीच्या चाळणीत घेतला आणि वरून पाण्याची धार सोडली. गढूळ पाणी खाली वाहून जायला लागलं. आई धावत आली.

"अगं अगं, खाली परात लाव! सगळं चाललंय की!"

"जाऊ दे आई. खालचं टाकायचंच असतं. वर राहतं ते आपलं."

आईनं आयुष्यभर पीठ चाळलेलं. तिला हे काही पटेना. "म्हंजी पीठ टाकायचं आन् कोंडा ठेवायचा?"

"व्हय."

आईनं पदर खोचला, स्वयंपाकघरात गेली आणि तिथून ओरडली, "एवढी शिकवून पाठवली, आन् तिथं हिला कुणी चाळायला सुद्धा शिकवलं न्हाई!"

*

आक्काचे गुरू म्हणजे मगदूम सर. सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातले. सर कांदा, लसूण, बटाटा, जमिनीच्या खालचं काहीच खात नाहीत आणि सूर्य मावळला की जेवत नाहीत. आक्का म्हणायची, "सर जमिनीच्या खालचं खात न्हाईत, नुसतं उकरत्यात."

जहाजावरच्या आचाऱ्याला सरांचा फार लळा. तो रोज संध्याकाळी डेकवर येऊन सूर्य बघायचा आणि ओरडायचा, "सर, अर्धा तास! सर, वीस मिनिटं!" मग सर हात धुऊन जेवायला बसायचे.

एकदा नेमका सूर्य टेकायला आला आणि पाइप वर आला. सगळे धावले. कांडी बाहेर काढायची, तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू कुठली आणि खालची कुठली ते लिहायचं. सर दोन्ही हात कोपरापर्यंत गाळात घालून बसलेले. आचारी ताट घेऊन शेजारी उभा. "सर, पाच मिनिटं! सर, दोन! सर... गेला."

ताट तसंच परत गेलं. आक्काला वाईट वाटलं. म्हणाली, "सर, आधी दोन घास खाऊन घ्यायचे होते की. मी लिहिलं असतं वर-खाली."

सर म्हणाले, "अगं, सूर्य उद्या सकाळी परत येणाराय. पण एका तुकड्याचं वर-खाली चुकलं ना, तर आयुष्यभर आपला पाऊस जमिनीतनं आभाळात पडेल!"

*

नसीमताई सांगलीची. तिचे वडील शिंपी. त्यामुळं तिचा हात असा बारीक की मायक्रोस्कोपखालचा शिंपला ती ब्रशच्या एका ओल्या केसावर उचलायची. आक्का तिच्याकडूनच ते शिकली. दोघी शेजारी शेजारी बसून दिवसभर शिंपले निवडायच्या. त्या खोलीत पंखा लावायचा नाही, जोरात बोलायचं नाही, शिंकायचं तर अजिबातच नाही.

आईनं एकदा माझ्याबरोबर पार्सल पाठवलं. घरचा कांदा-लसूण मसाला, चांगला दोन किलो. मी आपला थेट त्या खोलीत गेलो आणि टेबलावर आदळला. पिशवीची गाठ सुटलेली. आधी नसीमताई शिंकली, मग आक्का शिंकली, मग मी. माझी शिंक तुम्हाला माहीत नाही, जेसीबी थांबतो! ट्रेमध्ये आठवड्याभराचे निवडलेले शिंपले होते. एक राहिला नाही.

मला वाटलं, आता ही मला मारणार. आक्का रिकाम्या ट्रेकडं बघत बसली आणि मग हळूच म्हणाली, "नसीम, भाकरी आणली आहेस का गं?"

मगदूम सर दारात येऊन उभे राहिले. त्यांनी मसाला बघितला, ट्रे बघितला, आम्हा तिघांच्या नाकांकडं बघितलं.

"कांदा-लसूण वाईट, हे आमचे लोक किती वर्षं सांगताहेत," सर म्हणाले. "पण पुरावा आज मिळाला!"

*

नसीमताईला हवं होतं ते फराळाच्या किस्स्यात सापडलं.

एका दिवाळीत आक्कानं कराडच्या एका दुकानातून जुना मायक्रोस्कोप आणला होता. पलंगावर मांडला आणि सगळ्यांना एकेक करून बघायला बोलावलं. आईनं डोळा लावला आणि किंचाळली, "आगं बया, चकली!" खरंच गोल गोल वेटोळं होतं. पुढचा शिंपला बघितला. "ही करंजी!" एक पार चपटा, कडेला वळलेला होता. तात्यांना बोलावलं, त्यांनी बघितला आणि म्हणाले, "ह्यो माझ्या कानासारखा दिसतोय."

आक्काला शिंपल्यांची इंग्रजी नावं लिहायचा कंटाळा होता. एकेक नाव वीतभर! ती तिथंच म्हणाली, "ठरलं. हीच नावं."

मी विचारलं, "आन् मी कुठला?"

"हायस की तू पण ह्यात. शोध."

मी चार-पाच वेळा डोळा लावला. मला सगळे रव्यासारखे दिसले. कंटाळून लाडू खायला गेलो.

हे फोनवर सांगितल्यावर नसीमताई ओरडलीच. "च म्हणजे चकली! क म्हणजे करंजी! ता म्हणजे तात्यांचा कान! अरे बंडा, लागलं की सगळं!" मग ती रडायला लागली. मग मी पण. दोघांनी फोन ठेवला.

मला वाटलं, झालं. आक्काचं काम आक्काच्या नावानं छापणार.

*

हा किस्सा मी नसीमताईला सांगितला नव्हता, कारण ह्यात माझीच लाज आहे.

मी पाचवीत होतो, आक्का नववीत. गणिताचे एक मास्तर होते. मला पाढे येईनात म्हणून त्यांनी मला वर्गासमोर उभं केलं आणि म्हणाले, "ह्याचं नाव बंडा नाही. हे बंडल आहे, बंडल!" त्या दिवसापासून शाळेत मी बंडल. ग्राउंडवर बंडल, नळावर बंडल. पोरं माझ्या वहीवर सुद्धा तसंच लिहायची.

आक्काला कुणीतरी सांगितलं. ती मधल्या सुट्टीत सरळ मास्तरांच्या खोलीत गेली. मी दाराबाहेर लपलेलो. आत पाच-सहा शिक्षक डबे खात बसलेले.

"सर, एक चूक झालीया."

"कसली?"

"तुमी हजेरीत माझ्या भावाचं नाव चुकीचं घेताय. बंडल न्हाई सर. बंडा."

मास्तर हसले. आक्का हसली नाही. ती तिथंच उभी राहिली. मास्तरांनी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. ती उभीच. शेवटी मास्तर म्हणाले, "बरं बाई, बंडा."

"वर्गात म्हणा सर."

आणि त्यांनी वर्गात म्हटलं! मला पाढे तरी पण आले नाहीत, ती गोष्ट वेगळी.

*

आक्काची एक सवय मला कधी कळली नाही. लॅबमधून तिचा फोन यायचा, कुठल्याही वेळेला.

"हायस का रं?"

"हाय की."

"बरं." फोन कट!

ना जेवलास का, ना आई कशी आहे. ते सगळं ती वेगळ्या फोनवर विचारायची. हा फोन एवढाच.

एकदा माझा जेसीबी गाळात रुतला होता. चिखल गुडघ्यापर्यंत, मालक काठावरून शिव्या देतोय, आणि हिचा फोन. "हायस का रं?" माझं टाळकंच सरकलं. "आक्का, तुला कामधंदा हाय का न्हाई? मी हाय! हाय! हाय! कुठं मरतोय व्हय मी? परत परत काय विचारतीस?"

ती हसली. "एवढंच पायजे हुतं." आणि कट.

आता मी तिचा नंबर लावतो. बंद लागतो. ती बाई मराठीत सांगते, मग इंग्रजीत सांगते. मला दोन्ही कळतं. तरी मी पूर्ण ऐकतो.

*

मागच्या आठवड्यात मगदूम सरांचा फोन आला. सरांचा आवाज पडलेला.

"बंडा, खुणा लागल्या. पण एक अडचण आहे. एक शिंपला असतो, आमच्या कामाचा राजाच म्हण. मोसमी वारा जोरात सुटला की समुद्राच्या खोलातलं गार पाणी वर येतं. त्यात खायला भरपूर असतं, आणि हा जीव बेसुमार वाढतो. वारा पडला की हा कमी होतो. पावसाचा हिशोब ह्याच्यावरच. आणि वैशालीच्या वहीत नेमका हाच कुठं नाही. मला वाटतं, तिला तो ओळखता आला नसावा. मग हे काम तसंच छापता येणार नाही रे. दुसऱ्याकडून मोजून घ्यावं लागेल."

"आक्काला ओळखता आला न्हाई?" माझा आवाज चढला. "सर, ती आमच्या गल्लीतली कुत्री त्यांच्या भुंकण्यावरनं ओळखायची!"

पलीकडून वहीची पानं उलटल्याचा आवाज आला.

"वहीत अजून कुठल्या खुणा हायत?" मी विचारलं.

"आणखी एकच. बं. ते नसीमला आधीच लागलंय. बं म्हणजे बंडल. फुटके, टाकाऊ शिंपले. ते आम्ही धरतच नाही."

मी फोन कट केला. मालकाला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. जेसीबी जागेवर सोडला, मोटारसायकलला किक मारली आणि निघालो. घाट कसा उतरलो ते आठवत नाही. लॅबच्या दारात वॉचमननं अडवलं. माझे बूट तळ्याच्या गाळानं भरलेले. "बाहेरचा गाळ आत न्यायचा नाही," म्हणाला. मी बूट काढून त्याच्या टेबलावर ठेवले आणि अनवाणी आत गेलो.

"सर, बंडल न्हाई," मी दारातूनच ओरडलो. "बंडा!"

नसीमताईनं कपाट उघडलं. 'बं' लिहिलेली काचेची पट्टी तळाशी होती. फुटके शिंपले समजून ती कुणी बघितलीच नव्हती. सरांनी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि डोळा लावला. बराच वेळ लावला. मग चष्मा काढून पुसला, परत लावला.

"एकही फुटका नाही," सर म्हणाले. "हा तोच आहे. राजा."

मग मला बघायला दिलं. ह्या वेळी रवा दिसला नाही. चार फुगे एकमेकांना चिकटलेले, आणि मधोमध हे एवढं मोठं तोंड! सताड उघडं.

"ह्याला ओळखायची हीच खूण," सर म्हणाले. "बाकी कुणाचं तोंड एवढं मोठं नसतं."

नसीमताई माझ्याकडं बघून हसायला लागली. मी काही बोलणार होतो, पण पहिल्यांदाच तोंड बंद ठेवलं.

मग ती वही घेऊन आकडे वाचायला बसली आणि सर कागदावर टिंब देत गेले. "बं, एकशे बारा. बं, नव्वद. बं, एकशे तीस." वरून एकेक थर खाली. टिंबांची रेघ चढली, उतरली, परत चढली. सर पुटपुटत होते, "हा पाऊस... हा दुष्काळ... हा पाऊस..." मधेच त्यांनी कागदाच्या वरच्या कोपऱ्यात आक्काचं पूर्ण नाव लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. माझा जीव भांड्यात पडला.

नसीमताई पुढं वाचत होती. रेघ खाली खाली चालली होती. "बं, वीस. बं, सात." आणि ती थांबली.

"पुढं?" सर म्हणाले.

तिनं वाचलं नाही. वही फिरवून माझ्यासमोर सरकवली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. आकड्याच्या जागी शून्य होतं. शेजारी शेरा लिहायच्या रकान्यात आक्काचं बारीक अक्षर. मला वाचायला वेळ लागतो. मी एकेक शब्द लावत वाचलं.

"ह्या थरात बंडा एकपण नाही. दोनदा बघितलं. फोन केला. हाय."